आठ हजारांच्या वर

झाकणाचे सहा स्क्रू बशीत वाजतात.
आत चार वर्षांची धूळ नाही, एकाच वर्षाची;
दर नोव्हेंबरला मीच उघडते हे.
पान बोगुमिल (इथे पुरुषाला आदरानं पान म्हणतात)
काउंटरपलीकडे टोपी हातात घेऊन उभे,
दवाखान्यात नातेवाईक उभे राहतात तसे.

"या खेपेला कुठली घालणार?"

चौथं वर्ष, चौथी चिप.
आधी ट्रामचा पगार, आता ट्रामची पेन्शन.
ब्रदा नदीच्या काठी एक खोली,
तिच्यात हा डिस्क प्लेअर, दोन स्पीकर,
समोर खुर्ची. एकच.

मिरोन नवा आहे, सतरा वर्षांचा, विचारतो,
ऑप-अँप नेमकं करतो काय?
मी सांगते: डिस्कवरच्या आकड्यांचा सूर होतो ना,
तो मुंगीनं मुंगीला सांगावं इतका बारीक असतो.
हा आठ पायांचा काळा किडा तो ऐकतो
आणि मोठ्यानं पुढे सांगतो,
तिखटमीठ न लावता.
निदान तशी अपेक्षा.

पहिल्या वर्षी मूळची काढली ती अशी:
पायांवर तांब्याची वेणी, वेणीवर तापलेलं टोक,
डाख वितळून वेणीत चढतो.
घाई केलीस तर तांब्याची वाटच उखडून हातात येते.
खाच डावीकडे, ठिपका पहिल्या पायाशी.
उलटी बसली तर धूर,
आणि बाहेर आलेला धूर कुणालाच आत भरता येत नाही.
मग सॉकेट बसवलं. माणूस पुन्हा येणार, हे दिसत होतं.

राळेचा वास.
व्हायोलाच्या गजाला चोळतात तीही राळच,
त्याच पाइनच्या झाडाची.

गेल्या वर्षीची फार वेगवान.
कानामागून आली आणि तिखट झाली:
बोट ठेवलं तर चटका.
कुणाला ऐकू येणार नाही इतक्या उंचीवर
स्वतःशीच थरथरत होती.
पायाशी एक चिमुकला कपॅसिटर दिला,
तेव्हा कुठे निजली.
पान बोगुमिल म्हणाले, "पडदा सरला."
दर वर्षी त्यांचा एक पडदा सरतो.
किती पडदे असतील त्या खिडकीला!

एक गोष्ट मी बोलले नव्हते.
चाचणीची शिट्टी मी वर वर नेते, तेव्हा
आठ हजारांच्या वर त्यांची भुवईसुद्धा हलत नाही.
छत्तीस वर्षं, प्रत्येक वळणावर,
रुळांनी वसूल केलेला कर.

या वर्षी मी काडेपेटी उघडली,
आणि मूळची चिप, पहिल्या दिवशीची, परत बसवली.
सॉकेट पुसलं, भिंग पुसलं. बस्स.
डिस्क त्यांचीच: लाकडी चर्चमध्ये
दोन व्हायोला, थंडीतलं काहीतरी संथ.
"आहा," डोळे मिटून, "पडदा..."

"पान उलटलं," मिरोन म्हणाला.
"कोण? मी?"
"नाही हो. वाजवणारीनं. डावीकडच्या. वहीचं."

मागे नेलं. पुन्हा लावलं.
पान बोगुमिल पुढे वाकले,
मग स्पीकरला कान, मग तळहात.
तिसऱ्यांदा मिरोननं बोट उचललं: आत्ता.
त्यांनी बोटाकडे पाहिलं.

तेव्हा मी सांगून टाकलं. चिप मूळचीच आहे हे,
पान पहिल्यापासून तिथेच होतं हे,
बिल नाही हेही.
बाहेर ट्राम वळली. तेवढी मात्र
त्यांनी डोकं वळवून ऐकली.

"म्हणजे चार वर्षं मी..."
पुढचं टोपीत गेलं.

मी स्क्रू लावत होते. पाचवा घरंगळून
टेबलाखाली गेला, मिरोन शोधायला वाकला,
आणि त्याच्या पाठीकडे बघत त्यांनी मला विचारलं,
चिपची किंमत विचारतात त्याच आवाजात:

"हा मुलगा गुरुवारी मोकळा असतो का?
बसायला मात्र काही आणावं लागेल त्याला."